एका हाताचा पट्टा

मित्रांनो, सुरुवातीलाच एक प्रयोग. तुमचा ड्रॉइंग शीटचा कंटेनर घ्या (फर्स्ट इयरला ज्याने आपल्याला बसमध्ये, मेसमध्ये, लायब्ररीत सगळीकडे छळलं, तोच). त्याचा खांद्याचा पट्टा काढून टाका आणि दोन लांब नाड्यांनी तो कमरेला डाव्या बाजूला लटकवा. आता हॉस्टेलचा जिना भराभर उतरा. तिसऱ्या पायरीला तो नडगीवर आपटेल, पाचव्या पायरीला दोन पायांच्या मध्ये येईल आणि तुमचा डावा हात आपोआप जाऊन त्याला धरेल. आता तो डावा हात खिशात घाला आणि उरलेल्या एका हाताने झाकण काढून आतली शीट ओढून पाहा. शीट येणार नाही, अख्खा कंटेनरच वर येईल!

हीच अडचण १८५८ साली घोडदळातल्या एका अधिकाऱ्यापुढे उभी राहिली. फरक इतकाच, की त्याच्या कंटेनरमध्ये शीट नव्हती, तलवार होती. आणि त्याचा डावा हात खिशात नव्हता, खांद्यापासून गेलेला होता. या माणसाचं नाव सॅम्युअल जेम्स ब्राउन. २६ जानेवारीच्या संचलनात पोलीस किंवा लष्करी अधिकाऱ्याच्या उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेपर्यंत तिरका गेलेला चामडी पट्टा तुम्ही पाहिला असेल. त्याला आजही सॅम ब्राउन म्हणतात. म्हणजे हे आधी एका माणसाचं नाव होतं, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

माझ्या गावी ते आलं छंदामुळे. माझ्या कॉटखालच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा जुने गणवेशाचे पट्टेच जास्त आहेत, असं माझा रूम-पार्टनर म्हणतो. ते काही खरं नाही. पट्टे एकूण तीन, सुटी बकलं पाच, तलवारीचं म्यान अडकवायचा एक चामडी कप्पा (त्याला इंग्रजीत बेडूक म्हणतात, म्हणजे फ्रॉग, का ते विचारू नका) आणि तलवारीच्या मुठीला बांधायचा एक चामड्याचा गोंडा. बहुतेक माल पुण्याच्या जुन्या बाजारातला, मोडक्या मिक्सरच्या आणि सायकलच्या चेनच्या ढिगातून उपसलेला. तलवार मात्र एकही नाही. एक तर परवडत नाही, शस्त्र कायद्याचा प्रश्न वेगळाच, आणि रेक्टर सरांना काय सांगणार? शिवाय आपल्याकडे पट्टा म्हटलं की लोकांना दांडपट्टा आठवतो. त्यामुळे माझ्या छंदाविषयी हॉस्टेलमध्ये जरा जास्तच आदर आहे, तो मी दूर करत नाही.

असो. तर सॅम ब्राउन.

त्याचा जन्म ३ ऑक्टोबर १८२४ चा, कलकत्त्याजवळच्या बराकपूरच्या छावणीतला. वडील डॉ. जॉन ब्राउन ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल वैद्यकीय सेवेत सर्जन होते. बराकपूर म्हटलं की आपल्याला १८५७ चे मंगल पांडे आठवतात. पण सॅम जेमतेम महिन्याचा असताना त्याच छावणीत आणखी एक बंड झालं होतं, आणि त्याचं कारण आजच्या विषयाशी फार जवळचं आहे. देशी पलटणींना ब्रह्मदेशाच्या लढाईवर जायचा हुकूम झाला. सामान वाहायला बैल मिळेनात. पाठीवरच्या पिशव्या जुन्या, फाटक्या. मग आमचं सामान आम्ही वाहायचं कसं, असा शिपायांचा प्रश्न होता. उत्तर म्हणून २ नोव्हेंबर १८२४ ला त्यांच्यावर तोफा डागण्यात आल्या. अनेक शिपाई मेले, आणि म्होरक्या बिंदी तिवारीला फाशी दिलं. सैनिकाने ओझं कसं वाहावं हा प्रश्न किती जिवावरचा असू शकतो, ते या एका घटनेवरून कळतं.

सोळा-सतरा वर्षांचा झाल्यावर सॅम कंपनीच्या ४६ व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीत दाखल झाला. म्हणजे आपण जेव्हा सीईटीचे फॉर्म भरत होतो, त्या वयात! दुसऱ्या शीख युद्धात तो रामनगर, सादुल्लापूर, चिलियाँवाला आणि गुजरात (पंजाबातलं गुजरात, आपल्या शेजारचं नव्हे) या १८४८-४९ च्या लढायांत होता. युद्ध संपलं, पंजाब कंपनीच्या ताब्यात गेला आणि सरहद्दीवर फिरती फौज ठेवायची म्हणून नवी रिसाले-पथकं उभी राहिली. त्यातलं दुसरं पंजाब घोडदळ उभारण्याच्या कामावर १८४९ साली तरुण लेफ्टनंट ब्राउनला नेमलं. पुढे याच पथकाचं नेतृत्व त्याने केलं. सरहद्दीवरच्या टोळ्यांशी चकमकी हा तिथला रोजचा उद्योग. १८५७ च्या सुरुवातीच्या बोझदार मोहिमेतही तो होता.

मग १८५७ चा उठाव झाला. इथे थोडं थांबलं पाहिजे, कारण ही गोष्ट सांगताना माझीही पंचाईत होते. ब्राउन हा आपल्या बाजूचा माणूस नव्हता. ज्या ४६ व्या पलटणीत त्याने उमेदवारी केली, तीच पलटण ९ जुलै १८५७ ला सियालकोटला उठली आणि काही दिवसांत त्रिम्मू घाटावर तिचा निकाल लावण्यात आला. ब्राउन स्वतः पंजाबी सवार घेऊन १८५८ साली लखनौच्या लढाईत उतरला आणि त्यानंतर अवध-रोहिलखंडात उठाववाल्यांच्या मागे फिरत राहिला. मे महिन्यात बरेली पडली, तरी रोहिलखंड शांत झालेलं नव्हतं.

३१ ऑगस्ट १८५८. जागा पिलीभीतच्या बाजूचं सीरपोरा. खान अली खान याची उठाववाल्यांची फौज तिथे ठाण मांडून होती. पहाटे ब्राउनचं सैन्य चालून गेलं. वाटेच्या तोंडावर नऊ पौंडी तोफ लावलेली. ती एकदा उडाली की पुढे येणाऱ्या पायदळाच्या चिंधड्या. तोफ पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि तेवढ्याच वेळात काय करायचं ते करावं लागणार होतं. ब्राउन आपल्या एका सवाराला घेऊन घोड्यावरून थेट तोफेवर गेला आणि गोलंदाजांशी भिडला. हातघाईत त्याच्या डाव्या गुडघ्यावर तलवारीचा खोल वार बसला. दुसरा वार डाव्या खांद्यावर बसला आणि हातच गेला. तोवर त्यानेही समोरचा एक जण पाडला होता. तोफ पुन्हा भरली गेली नाही. मागून आलेल्या पायदळाने ती घेतली आणि तिचा गोलंदाज तिथेच मारला गेला.

या कामगिरीबद्दल १ मार्च १८६१ ला ब्राउनला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश सैन्यातलं हे सगळ्यात मोठं शौर्यपदक. पदकाच्या नोंदीत त्याच्याबरोबर गेलेल्या सवाराचा उल्लेख आहे, पण फक्त सवार म्हणून. नाव नाही. तोफेवर दोघं गेले, नाव एकाचं उरलं. व्हिक्टोरिया क्रॉस तर हिंदी सैनिकांना मिळायची सोयच १९११ पर्यंत नव्हती. आणि ज्या गोलंदाजाने जागा सोडली नाही, तोही बिननावाचाच. तो तर बंडखोर, त्याची नोंद कोण ठेवणार? मला ब्राउनच्या धैर्याविषयी शंका नाही. पण त्या पहाटे त्या तोफेपाशी किमान तीन शूर माणसं होती, एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

हात गेल्यावर ब्राउनने नोकरी सोडली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. त्याने सोडली नाही. १८६० साली लूसी शेरवूडशी लग्न केलं आणि फौजेत राहिला. आता घोडेस्वाराचं साधं गणित पाहा. लगाम डाव्या हातात, तलवार उजव्या हातात. यातला डावा हात वजा करा. बरं, प्रश्न लढण्यापुरताच नाही. त्या काळी अधिकाऱ्याची तलवार कमरपट्ट्याला दोन लांब वाद्यांनी लोंबकळत असे. चालताना ती पायात येई, म्हणून डाव्या हाताने म्यान धरून चालायची रीतच होती. उपसतानाही डावा हात म्यान घट्ट धरणार, तेव्हा उजवा हात तलवार ओढणार. एका हाताच्या माणसाने तलवार ओढली की म्यानही बरोबर वर येणार. म्हणजे ब्राउनची तलवार त्याच्याच विरोधात गेली होती.

यावर त्याने काढलेला तोडगा आपल्या अप्लाइड मेकॅनिक्सच्या सरांनी बोर्डवर काढावा असा आहे. पहिली गोष्ट, लोंबत्या वाद्या काढून टाकल्या आणि म्यान एका चामडी फ्रॉगमध्ये बसवून ते कमरेलगत घट्ट अडकवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर लंबकाची लांबी जवळजवळ शून्य केली आणि हिंज सपोर्टच्या जागी फिक्स्ड सपोर्ट दिला. आता म्यान हलत नाही, आणि तलवार एका हाताने सुटते.

दुसरी गोष्ट, कमरेचा पट्टा चांगला रुंद केला. आज जे जुने नमुने मिळतात, त्यांत कमरपट्टा साधारण सव्वादोन इंच रुंद असतो. बळ तेवढंच, पण क्षेत्रफळ जास्त, म्हणून दाब कमी. दिवसभर घोड्यावर बसणाऱ्याच्या कमरेत तो रुतत नाही. त्यावर डी आकाराच्या पितळी कड्या ठोकल्या, म्हणजे हवं ते सामान हव्या त्या जागी अडकवता येईल.

तिसरी गोष्ट सगळ्यात हुशारीची. तलवार-म्यान मिळून दीड-दोन किलोचं वजन एकट्या डाव्या बाजूला. नुसत्या कमरपट्ट्यावर ते टांगलं की पट्टा डावीकडे खाली ओढला जाणार. तो घसरू नये म्हणून आवळावा, तर श्वास घेता येत नाही. त्याऐवजी ब्राउनने डाव्या कमरेपासून एक अरुंद पट्टा छातीवरून तिरका उजव्या खांद्यावर नेला आणि पाठीवरून परत खाली आणला. या पट्ट्यातल्या ताणाचा उभा घटक तलवारीचं वजन उचलतो आणि ते वजन उजव्या खांद्यावर जातं. डावा खांदा, जिथे जखम होती, त्याला हातही लागत नाही! उजव्या कमरेला झाकणाच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल. उजवा हात जिथे सहज पोचतो, तिथेच सगळं. फ्री बॉडी डायग्राम काढून बघा, एकही घटक फुकटचा नाही.

हा पट्टा सुंदर दिसावा म्हणून केलेला नव्हता. एका माणसाच्या एका शरीराची एक अडचण होती, तिच्यावरचा तो उपाय होता. पण त्याच्या पथकातल्या दोन हातांच्या अधिकाऱ्यांनाही तो सोयीचा वाटला. त्यांनी उचलला, मग शेजारच्या पथकांनी उचलला. वरून कसलाही हुकूम नसताना तो हिंदुस्थानातल्या फौजेत पसरत गेला. हॉस्टेलमध्ये एकाने बादलीत हीटर लटकवायची युक्ती काढली की आठवड्यात सगळ्या विंगमध्ये तीच दिसते, तसंच थोडंसं.

ब्राउन मात्र पट्ट्यापाशी थांबला नाही. एका हाताने त्याने पुढेही अनेक वर्षं नोकरी केली. गाइड्स या नामांकित पथकाचं नेतृत्व केलं. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, तेव्हा त्याच्या लवाजम्यात ब्राउन होता, आणि त्याच सुमारास त्याला सर ही पदवी मिळाली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने त्याला आपल्या मंडळात लष्करी सदस्य म्हणून घेतलं. त्याच वर्षी दुसरं अफगाण युद्ध सुरू झालं आणि चोपन्न वर्षांच्या सर सॅमकडे पेशावर खोऱ्यातली फौज आली. २१ नोव्हेंबर १८७८ ला त्याने खैबर खिंडीतल्या अली मशीद किल्ल्यावर हल्ला केला. समोरून केलेला हल्ला थोपवला गेला, पण रात्रीत किल्ल्यातली शिबंदी निघून गेली आणि सकाळी किल्ला हाती आला. पुढे जलालाबाद घेऊन फौज गंडमकपर्यंत गेली. मे १८७९ चा तह तिथेच झाला. १८८८ मध्ये ब्राउन पूर्ण जनरल झाला. निवृत्तीनंतर इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट बेटावरच्या राइड गावी राहिला आणि १४ मार्च १९०१ ला तिथेच वारला. त्याचं दहन झालं, ही त्या काळच्या इंग्रजांत तशी विरळ गोष्ट. लंडनच्या सेंट पॉल्समध्ये आणि लाहोरच्या कॅथेड्रलमध्ये त्याचं स्मारक आहे. त्याच्या घोडदळाला १९०४ साली त्याचंच नाव देण्यात आलं.

माणूस गेला, पण पट्ट्याची खरी चलती तेव्हाच सुरू झाली होती. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या सगळ्या फौजांत तो दिसू लागला. गंमत म्हणजे याच युद्धात अधिकाऱ्यांनी तलवारी टाकायला सुरुवात केली, कारण तलवार चमकली की लांबच्या बोअर नेमबाजाला अधिकारी कोण ते लगेच कळे. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये तलवारीला जागाच नव्हती. मग ज्या तलवारीसाठी तिरका पट्टा आला, ती गेल्यावर तोही जायला हवा होता ना? नाही गेला! उलट अमेरिकन अधिकाऱ्यांनी तो फ्रान्समध्ये पाहून घालायला सुरुवात केली आणि १९२१ साली अमेरिकन सैन्याने तो अधिकृतपणे घेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तो लढाईच्या पोशाखातून गेला आणि समारंभाच्या पोशाखात जाऊन बसला. आपल्याकडेही स्वातंत्र्यानंतर तो गणवेशात राहिला. हाताची गरज विसरली गेली, तलवार बहुतेकदा नसतेच, वजन शून्य. तरी उजव्या खांद्यावरचा तो पट्टा शून्य वजन इमानेइतबारे उचलतो आहे.

आता थोडं माझ्यासारख्या जमवणाऱ्यांसाठी. (वाचून कुणी एक जरी पट्टा शोधू लागला तर बाजारात भाव वाढतील, पण चालेल.) अधिकारी आपला पट्टा स्वतःच्या पैशांनी घेत, म्हणून दोन जुने पट्टे हुबेहूब सारखे सहसा नसतात. बहुतेक पट्टे तपकिरी चामड्याचे आणि पितळी सामानाचे. रायफल पलटणींचे मात्र काळे, पांढऱ्या धातूच्या सामानाचे. पट्टा हातात आला की आधी आतली बाजू बघायची. तिथे बनवणाऱ्याचा ठसा असतो, कधी शाईने लिहिलेलं नाव. मग डी-कड्या बघायच्या. खांद्याच्या आणि फ्रॉगच्या कड्या खरोखर घासल्या गेल्या असतील, तर त्यांच्या आतल्या कडेला पितळ पातळ झालेलं असतं, आणि तेही ज्या दिशेने वजन ओढलं गेलं त्याच दिशेला. नवा पट्टा जुना करून विकणारा चामडं चुरगाळतो, चहाच्या पाण्यात बुडवतो. पण ही झीज त्याला सहसा साधत नाही. झीज खोटं बोलत नाही, हे आपण मशीन शॉपमध्येही शिकतोच.

मुठीचा गोंडाही नुसता शोभेचा नसतो. त्याच्या चामडी फाशात मनगट अडकवायचं, म्हणजे धावपळीत मूठ सुटली तरी तलवार हातालाच लोंबत राहते. दोन हातांच्या माणसाला ही सोय, एका हाताच्या माणसाला तर गरज. माझ्याकडच्या गोंड्याचा फास एका बाजूला गुळगुळीत झाला आहे. कुणाचं तरी मनगट तिथे होतं.

सांभाळायची रीत सोपी आहे. पितळ आणि तेलकट चामडं जिथे टेकतं, तिथे हिरवा कीट जमतो. तो कोरड्या लाकडी काडीने हळूच काढायचा. सारखं तेल किंवा बूट-पॉलिश चोपडायचं नाही, चामडं मऊ पडून शिवण सोडतं. घडी घालायची नाही, सैल गुंडाळी करायची. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नाही, सुती कापडात. आणि पावसाळ्यात, जेव्हा आपल्या चपलांनाही बुरशी येते, तेव्हा आठवड्यातून एकदा सावलीत वारा द्यायचा. शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना आपल्या देशात १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो आणि त्या परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

मी एक वही ठेवली आहे. प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, ठसा, धातू, कुठे मिळाली, हे सगळं त्यात लिहितो. शेवटी एक रकाना आहे : ही वस्तू कुणाची कोणती अडचण सोडवत होती? बहुतेक वेळा तो रिकामाच राहतो. सॅम ब्राउन पट्ट्यापुढे मात्र मी ब्राउनचं नाव लिहिलं आहे. त्याच ओळीत त्या सवारासाठी आणि त्या गोलंदाजासाठी दोन जागा कोऱ्या सोडल्या आहेत. नावं मिळणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण जागा सोडली नाही, तर उद्या वाचणाऱ्याला वाटेल की तिथे कुणी नव्हतंच.

मित्रांनो, फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आपण सगळे जगाला उपयोगी पडेल असा भव्य विषय शोधत फिरतो. सॅम ब्राउनने जगाचा विचार केला नव्हता. त्याने स्वतःची एक अडचण प्रामाणिकपणे मोजली आणि तेवढीच सोडवली. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की माळ्यावरची जुनी ट्रंक उघडा. आजोबा, पणजोबा कुणी फौजेत किंवा पोलिसात असतील, तर एखादा पट्टा नक्की सापडेल. लगेच पॉलिश करू नका. तो कुणाचा, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा आणि एका कागदावर नाव लिहून त्याच्याबरोबर ठेवा. चामडं शंभर वर्षं टिकतं; नाव मात्र लिहिलं तरच टिकतं.